सयाजीराव गायकवाड : पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढणारा राजा



सातारा शहरात महाराजा सयाजीराव हायस्कूल आहे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या शाळेवरून ये-जा केली असेल, काहींनी तर तिथेच शिक्षण घेतलं असेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1940 साली ही शाळा सुरू केली. कमवा आणि शिका या तत्त्वावर चालणाऱ्या या शाळेला त्यांनी बडोद्याच्या राजाचं नाव दिलं. साताऱ्यातल्या शाळेला गुजरातमधल्या राजाचं नाव का, असा प्रश्न मुलं विचारतात. विचारायलाच हवा.

आपल्या पाठ्यपुस्तकांतून सयाजीराव महाराज भेटतात ते सक्तीच्या शिक्षणाचे प्रणेते म्हणून किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देणारे म्हणून. त्यांचं आणखी एक काम मात्र आपल्या रोजच्या कामाशी अगदी जवळचं आहे, आणि तेच कमी सांगितलं जातं. ते काम म्हणजे वाचनालयं. पुस्तकं विकत घेणं पैसेवाल्याला जमतं. ती वाचणाऱ्याच्या हातात पोहोचवायला डोकं लढवावं लागतं, आणि ते सयाजीरावांनी कसं लढवलं हे आज त्यांच्या चरित्रातून पाहू.

बारा वर्षांचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. त्यांचं मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव शेती करायचे. घराणं गायकवाडांचं असलं तरी राहणी साध्या शेतकरी कुटुंबाची होती. बडोद्याच्या राजघराण्याशी नातं होतं, पण दूरचं.

गायकवाडांचं मूळही आपल्याच मातीतलं आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांनी 1720 च्या सुमारास दमाजी गायकवाडांना समशेर बहाद्दर हा किताब दिला. तिथून पुढे पिलाजीराव, दुसरे दमाजीराव यांनी गुजरातमध्ये जम बसवला आणि बडोद्याची गादी उभी राहिली.

1875 साली इंग्रजांनी बडोद्याचे राजे मल्हारराव यांना गादीवरून दूर केलं. आधीचे राजे खंडेराव यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. मुलांचा शोध सुरू झाला आणि कवळाण्याहून काशीरावांची मुलं बडोद्याला नेण्यात आली. त्यातून गोपाळची निवड झाली. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

इथे आपण शिक्षकांनी जरा थांबायला हवं. गादीवर बसलेल्या या मुलाचं वय होतं बारा वर्षं, म्हणजे आजच्या हिशोबात सहावी-सातवीचा विद्यार्थी. आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो शाळाबाह्य मुलगा होता.

एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाकडे त्याचं शिक्षण सोपवलं गेलं. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा एकदम शिकायच्या होत्या. सोबत गणित, इतिहास, घोडेस्वारी हेही होतंच. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभार कसा करावा यावर त्यांना व्याख्यानं दिली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळापत्रक आखलेलं असायचं. सहा-साडेसहा वर्षांत या मुलाने एवढी मजल मारली, की 28 डिसेंबर 1881 रोजी, अठरा वर्षं पूर्ण असताना, राज्यकारभाराचे सगळे अधिकार त्याच्या हातात आले.

उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत जास्त कळते, असं आपण प्रौढ साक्षरतेच्या वर्गात पाहतो. सयाजीरावांच्या बाबतीत हे आयुष्यभर दिसतं. राजा झाल्यावरही त्यांनी वाचन सोडलं नाही. पुस्तकं वाचून दाखवायला, त्यांच्यावर चर्चा करायला ते खास वाचक नेमायचे. रत्नागिरी जिल्ह्यातला एक तरुण 1889 साली असाच वाचक म्हणून त्यांच्या नोकरीत आला. तो तरुण म्हणजे पुढे रियासतकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले गोविंद सखाराम सरदेसाई. राजाला इतिहास वाचून दाखवता दाखवता काढलेल्या टिपणांतूनच त्यांच्या रियासतींचं काम उभं राहिलं. म्हणजे एका माणसाची वाचनाची भूक दुसऱ्याला इतिहासकार करून गेली!

शाळा झाल्या, पुढे काय?

सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. हा प्रयोग होता. प्रयोग चालतो असं दिसल्यावर 1906 साली सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड व्हायचा. ब्रिटिश हिंदुस्थानात असं काही व्हावं म्हणून नामदार गोखले धडपडत होते, तेव्हा बडोद्यात ते सुरूही झालं होतं. आपल्याकडे शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला 2010 साली, हे लक्षात घेतलं की हे पाऊल किती पुढचं होतं ते कळतं.

पण लवकरच एक अडचण लक्षात आली. मूल चौथीपर्यंत शिकतं, मग शेतावर जातं, गुरं राखतं. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. चार-पाच वर्षांनी तेच मूल सही करताना अडखळतं. शाळेवर केलेला खर्च असा पाण्यात जातो.

आपल्यालाही हे नवीन नाही. पाचवीत छान वाचणारं मूल कोयता घेऊन निघालेल्या आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलं आणि सहा महिन्यांनी परत आलं, की वाचनाचा वेग कुठे गेलेला असतो ते माण-खटाव, जत-आटपाडीच्या शिक्षकांना सांगायला नको.

यावर सयाजीरावांनी काढलेला उपाय असा, की शाळेच्या मागोमाग वाचनालय गेलं पाहिजे. शाळेने वाचायला शिकवायचं आणि वाचनालयाने ते टिकवायचं. म्हणून त्यांनी वाचनालयाला करमणुकीची सोय मानलं नाही, शिक्षण व्यवस्थेचाच दुसरा भाग मानलं.

अमेरिकेहून आणलेला माणूस

1906 साली आणि पुन्हा 1910 साली सयाजीराव अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली. कुणीही आत यायचं, मांडणीवरून हाताने पुस्तक काढायचं, चाळायचं, घरी न्यायचं. मुलांसाठी वेगळी खोली. आपल्याकडे तेव्हा बहुतेक वाचनालयं वर्गणीदारांची होती आणि पुस्तकं कुलुपात असायची. यादीत नाव पाहायचं, चिठ्ठी लिहायची, कारकुनाने आतून आणून दिलं तर वाचायचं.

अमेरिकेतल्या न्यू हेवन गावच्या वाचनालयात विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन नावाचे ग्रंथपाल होते. सयाजीरावांनी त्यांना 1910 साली बडोद्याला आणलं आणि संस्थानातल्या सगळ्या वाचनालयांची जबाबदारी दिली. बॉर्डन 1913 पर्यंत बडोद्यात होते. तीनच वर्षं, पण तेवढ्यात पाया घातला गेला.

पहिली गोष्ट झाली ती मध्यवर्ती वाचनालयाची. सयाजीरावांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे 20 हजार पुस्तकांचा संग्रह या वाचनालयाला देऊन टाकला. राजाची पुस्तकं रयतेच्या हातात गेली. वाचनासाठी फी ठेवली नाही. पुस्तकांच्या मांडणीपर्यंत वाचकाला मोकळं जाता येईल अशी रचना केली. पुढे या वाचनालयासाठी जी इमारत झाली, तिच्यात लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन केली, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांवरही पडेल.

दुसरी गोष्ट पुस्तकं लावण्याची. हजारो पुस्तकं असतील तर हवं ते सापडणार कसं? अमेरिकेत तेव्हा दोन पद्धती गाजत होत्या. एक मेल्व्हिल ड्यूई यांची आकड्यांची, दुसरी चार्ल्स कटर यांची अक्षरांची. बॉर्डन यांनी दोन्हींतलं सोयीचं घेऊन बडोद्यासाठी नवी पद्धत बसवली. परदेशातली गोष्ट जशीच्या तशी न आणता इथल्या गरजेला बेतून घेतली.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. 1911 साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. पुस्तकं सांभाळणं हे राखणदाराचं काम नसून त्यालाही शिक्षण लागतं, हे इथे पहिल्यांदा मान्य झालं. 1912 साली लायब्ररी मिसेलनी नावाचं त्रैमासिक निघालं आणि त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत मजकूर असायचा. बॉर्डन परत गेल्यावर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने पुढे नेलं. बडोद्याच्या वाचनालय चळवळीची माहिती देणारं इंग्रजी पुस्तकही त्यांनी 1919 साली लिहिलं.

हा काळ महाराजांसाठी सोपा नव्हता. 1908 मध्ये त्यांचा थोरला मुलगा फत्तेसिंहराव वारला होता. डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहाला मुजरा करताना त्यांनी रीत पाळली नाही, असा गवगवा झाला आणि इंग्रज सरकारची खप्पा मर्जी झाली. गादी राहते की जाते अशी चर्चा होती. अशा दिवसांतही वाचनालयांचं काम चालू राहिलं.

पेटी निघाली गावाला

आता सगळ्यात महत्त्वाचं. मध्यवर्ती वाचनालय बडोदा शहरात होतं. पण खेड्यातल्या माणसाचं काय? तो पुस्तकासाठी शहरात येणार नाही. मग पुस्तकानेच त्याच्याकडे जायचं ठरलं.

यासाठी फिरती वाचनालयं सुरू झाली. फिरतं वाचनालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी येते. ही वाचनालयं म्हणजे लाकडी पेट्या होत्या. मजबूत पेटी, तिला कुलूप आणि आत निवडक पुस्तकं. पेटी आगगाडीने स्टेशनपर्यंत जायची, तिथून गावात. जाण्या-येण्याचा खर्च वाचनालय खातं करायचं, गावाला एक पैसाही पडत नसे. गावाने पुस्तकं वाचायची, ठरलेल्या मुदतीत पेटी परत करायची आणि दुसरी मागवायची. कुठल्या पेटीत कुठली पुस्तकं आहेत ते आधीच ठरलेलं असायचं. काही पेट्या बायकांसाठी, काही मुलांसाठी, काही एखाद्या विषयाच्या.

यात हुशारी कुठे आहे ते पाहा. शंभर गावांत शंभर वाचनालयं काढायची तर प्रत्येक ठिकाणी तीच पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि वर्षभरात ती वाचून संपतात. पेट्या फिरत्या ठेवल्या की थोड्या पुस्तकांत प्रत्येक गावाला सतत नवं काहीतरी मिळत राहतं. पैसा तोच, वाचन कितीतरी पट.

जिथे कायमचं वाचनालय हवं, तिथे दुसरा नियम होता. तो तीन वाट्यांचा नियम. गावाने लोकवर्गणीतून जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच संस्थानाने. खेड्यातल्या वाचनालयाला ही मदत वर्षाला 100 रुपयांपर्यंत मिळायची. इमारत बांधायची असली तरी असेच तीन वाटे. सगळं फुकट दिलं तर लोकांना ते सरकारी वाटतं, आणि काहीच दिलं नाही तर गरीब गावाला जमत नाही. तिसरा हिस्सा स्वतःच्या खिशातून गेला की गाव ते वाचनालय आपलं मानतं. आज आपण लोकसहभाग म्हणून ज्याचे अहवाल लिहितो, ते इथे शंभर वर्षांपूर्वी नियमात बसवलेलं होतं.

गावच्या वाचनालयाचं रोजचं काम पाहायचं कुणी? अनेक गावांत हे काम शाळेचा मास्तरच करायचा. या चळवळीचा मोठा आधारही एक शिक्षकच होता. मोतीभाई अमीन हे पेटलादच्या शाळेचे मुख्याध्यापक. सरकारी खातं सुरू होण्याच्या चार वर्षं आधी, 1906 मध्येच, त्यांनी मित्रमंडळ नावाने गावोगाव छोटी वाचनालयं काढायला सुरुवात केली होती. सयाजीरावांनी या माणसाला बाजूला सारलं नाही. त्यांनी मोतीभाईंना खात्यात घेतलं आणि खेड्यांचं काम त्यांच्याकडे दिलं. अमेरिकन तज्ज्ञाला तंत्र माहीत होतं आणि मोतीभाईंना चरोतरच्या खेड्यातला माणूस माहीत होता. दोघांची गाठ घालून देणं हे राजाचं काम होतं. पुढे मोतीभाईंनी वाचनालयांची सहकारी संस्थाही उभी केली, म्हणजे पुस्तकं आणि सामान एकत्र, स्वस्तात घेता येईल. सहकार म्हणजे काय हे सांगली-साताऱ्याच्या माणसाला वेगळं समजवायला नको.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

मुलांसाठी मध्यवर्ती वाचनालयात वेगळा विभाग केला. तिथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवले. मूल खेळायला येतं आणि पुस्तकापाशी पोहोचतं, असा त्यामागचा विचार होता. महिलांसाठीही स्वतंत्र विभाग होता. त्या काळात पुरुषांच्या गर्दीत बसून वाचणं बायकांना शक्य नव्हतं, म्हणून ही सोय.

आणि निरक्षर माणसांसाठी? वाचनालय खात्यात चित्रांद्वारे शिक्षण देणारी एक शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचपट्ट्या, दुहेरी भिंगातून पाहायची चित्रं आणि पुढे चित्रपट, हे सगळं घेऊन माणसं गावोगाव जायची आणि फुकट खेळ दाखवायची. पुस्तक वाचता न येणारा शेतकरीही वाचनालयाचा वाचक आहे, असं मानणारा हा विचार होता. आज आपण वर्गात प्रोजेक्टर लावतो त्याची ही पणजीच म्हणायची.

पण वाचायला पुस्तकंही हवीत, आणि ती लोकांच्या भाषेत हवीत. सयाजीरावांनी त्यासाठी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्याच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला निघाल्या, ज्यांतून मराठी आणि गुजरातीत सोपी, ज्ञान देणारी पुस्तकं छापली गेली. जुन्या संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह करून ती छापण्याचं काम वेगळं सुरू झालं. त्यातूनच गायकवाड ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला आणि 1927 मध्ये बडोद्याचं प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं.

जे कुलूप निघालं नाही

चरित्र सांगताना फक्त गोड गोड सांगू नये. मुलांनाही ते कळतं.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. आज त्या शाळेला आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो आणि 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे मुंबईत कॉलेजला असताना त्यांना सयाजीरावांकडून दरमहा मदत मिळाली. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या देशातली वाचनालयं पाहून राजाने बॉर्डनना बोलावलं, त्याच देशातल्या वाचनालयात हा विद्यार्थी तासन् तास बसू लागला.

1917 मध्ये करारानुसार आंबेडकर बडोद्याला नोकरीसाठी आले. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली टाकायचे. शेवटी ते बडोदा सोडून मुंबईला परतले.

मध्यवर्ती वाचनालय असलेल्या, सक्तीचं शिक्षण असलेल्या, अस्पृश्य मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढणाऱ्या शहरात हे घडलं. राजाने कपाटाचं कुलूप काढलं, पण माणसांच्या मनाचं कुलूप हुकमाने निघालं नाही. याने सयाजीरावांचं काम लहान होत नाही. त्याच शिष्यवृत्तीतून घडलेल्या माणसाने पुढे देशाला संविधान दिलं. पण वाचनालय उघडलं म्हणजे झालं, असं समजून चालत नाही. तिथे कोण येऊ शकतं, कोण बिचकतं, कुणाला दारातूनच परत जावंसं वाटतं, हे पाहावं लागतं. आपल्या वर्गातल्या वाचन कोपऱ्यालाही हे लागू आहे.

अखेर

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मोतीभाई अमीनही गेले होते. तोपर्यंत बडोदा संस्थानातल्या शेकडो गावांत वाचनालयं उभी राहिली होती. पुढच्याच वर्षी कर्मवीरांनी साताऱ्यातल्या शाळेला महाराजांचं नाव दिलं. रयतेच्या मुलाने काम करून शिकावं म्हणून झटणाऱ्या माणसाला हा राजा जवळचा वाटला, यात सगळं आलं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला 1967 साली. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव अनुदानित ग्रंथालयं आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. तिथे घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मोकळी ठेवलेली आहेत आणि येणारा माणूस बसून वाचतो. पेटीऐवजी घराचा ओटा, एवढाच फरक. कल्पना त्याच वाटेवरची आहे.

आपल्या शाळेपुरतं

शाळांतली पुस्तकं कपाटात का राहतात, याचं खरं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुस्तक हरवलं तर जडसंग्रह नोंदवहीत काय दाखवायचं? बदली झाली की चार्ज देताना कमी भरलेली पुस्तकं कोण भरणार? ही भीती खोटी नाही. हिशोब आपल्यालाच द्यावा लागतो. पण न हरवलेलं आणि न वाचलेलं पुस्तक कागदावर शिल्लक असतं, मुलासाठी ते हरवलेलंच असतं. शिवाय कपाटातलं पुस्तक सुरक्षित असतं असंही नाही. वाळवी लागते. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठच्या शाळांची आणि वाचनालयांची पुस्तकं कपाटातल्या कपाटात भिजून लगदा झाली, हे सांगली-पलूस-वाळव्याकडच्या शिक्षकांनी पाहिलं आहे.

बडोद्याच्या कामातून घेण्यासारख्या आणि कमी पैशांत होणाऱ्या काही गोष्टी इथे देत आहे :

1. वस्तीवरची पेटी. झाकणाची प्लास्टिकची पेटी किंवा जुनी पत्र्याची ट्रंक घ्या. वीस पुस्तकं ठेवा. यादी झाकणाच्या आत चिकटवा. एका वाडीवर पंधरा दिवस, मग दुसऱ्या वाडीवर. पेटी सांभाळायला त्या वस्तीवरचा एक मोठा विद्यार्थी आणि एक पालक.

2. शाळा-शाळांत अदलाबदल. केंद्रातल्या पाच शाळांनी प्रत्येकी एक पेटी केली आणि केंद्र संमेलनाच्या दिवशी बदलली, तर एकही नवं पुस्तक न घेता प्रत्येक शाळेला पाच पेट्या वाचायला मिळतात. देवाण-घेवाणीची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवा, म्हणजे चार्जची अडचण येत नाही.

3. तीन वाटे. नवी पुस्तकं घेताना पालक, ग्रामपंचायत आणि शाळा अशी वाटणी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून पाहा. पालकाचा वाटा दहा रुपयांचा असला तरी चालेल. तो असावा.

4. रंगांची पट्टी. पुस्तकाच्या पाठीवर गोष्टींसाठी लाल, चरित्रांसाठी निळी, विज्ञानासाठी हिरवी चिकटपट्टी लावा. दुसरीतलं मूलही पुस्तक काढून पुन्हा जागेवर ठेवतं. वर्गीकरण हा शब्द त्याला नंतर कळला तरी चालतो.

5. न वाचणाऱ्यांसाठी वाचन. महिन्यातून एकदा पालक सभेच्या शेवटी मुलांनी एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. वाचता न येणारी आजीसुद्धा त्या दिवशी वाचनालयाची वाचक होते.

6. नोंद मुलांकडे. देवाण-घेवाणीची वही चौथीच्या मुलांकडे द्या. पुस्तक परत आणायला मुलं एकमेकांच्या मागे जेवढी लागतात तेवढे आपण लागत नाही.

वर्गात हे चरित्र सांगितल्यावर मुलांना विचारायला दोन प्रश्न सुचवतो. सयाजीरावांनी पुस्तकं गावाला कायमची न देता पेट्या फिरत्या का ठेवल्या असतील? आणि आपल्या गावात पेटी पाठवायची झाली तर तुम्ही तिच्यात कुठली दहा पुस्तकं ठेवाल? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्या. ती तुमच्या पुढच्या खरेदीची यादी आहे.

राजवाड्यातली वीस हजार पुस्तकं देणं आपल्याला जमणार नाही. कपाटाची किल्ली मात्र आपल्या टेबलाच्या खणात आहे. उद्या परिपाठ झाला की ती काढायला हरकत नाही.